ज्याला कुणी काही सांगत नसे

रोहिदास गिते कँटीनमध्ये आला की माणसं आपापले मोबाइल पालथे घालायची. आता जेवताना माणूस मोबाइलवर बघून बघून काय बघणार? कुणी नातवाचे फोटो, कुणी क्रिकेटचा स्कोअर, कुणी गावाकडच्या पावसापाण्याची बातमी. लपवण्यासारखं त्यात काय आहे? पण रोहिदास ताट घेऊन दारात दिसला रे दिसला, की बोलणी जागच्या जागी तुटायची. तो आपला भिंतीकडच्या टेबलाशी जाऊन बसायचा. त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि उरलेल्या तीन, जेवणाची सुट्टी संपेपर्यंत रिकाम्याच राहायच्या.

चाकणजवळ महाळुंग्यात गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणारी ती कंपनी. तिथं हा सायबर सुरक्षेचा माणूस. म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरांत बाहेरचा चोर शिरू नये, यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. पेन ड्राइव्ह बंद, गाण्यांची वेबसाइट बंद, घरून आणलेला चार्जर कॉम्प्युटरला लावणं बंद. लोकांनी त्याचं नाव 'बंदसाहेब' ठेवलं होतं आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

माणूस वाईट होता का? छे हो! त्याच्या कामात कुणी खोट काढून दाखवावी. खोट होती ती तोंडात. मूळचा बीड जिल्ह्यातला, केज तालुक्यातला. शाळेत पहिला, कॉलेजात पहिला, आणि आपलं बरोबर आहे हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. एकदा मुलगी बघायला गेला. पोहे झाले, चहा झाला, आणि हा पठ्ठ्या मुलीच्या बापाला म्हणतो, "तुमच्या घरच्या वायफायचा पासवर्ड दारावरच्या पाटीवरून ओळखता येतो. आजच बदला." बाप बिचारा पानाचं तबक पुढं करत होता, तो हात तसाच राहिला. पासवर्ड बदलला की नाही देव जाणे, पण त्या घरातून पुन्हा निरोप काही आला नाही.

वय चव्वेचाळीस झालं. चऱ्होलीत नव्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट, एक खाट, एक टेबल. खिडकीतून उरलासुरला कांद्याचा वाफा दिसायचा आणि त्याच्यामागं पाचव्या बिल्डिंगचा सांगाडा. रविवारी गावी आईला फोन. "जेवलास का?" "जेवलो." "थंडी हाय का?" "आहे." आणि संपलं. बाकी सगळा रविवार खायला उठायचा. खरं सांगायचं तर त्याला एकटेपण फार लागत होतं, आणि कुणाला सांगावं तर सांगायला कुणी नव्हतं.

त्याच्या धंद्यातली गंमत अशी, की हल्लीचा चोर कुलूप तोडून येतच नाही. तो गोड बोलून आतल्या माणसालाच कडी काढायला लावतो. एक खोटा मेल येतो, माणूस भाबडेपणानं उघडतो, झालं. तेवढ्या वेळी त्या माणसानं लगेच येऊन "साहेब, माझ्याकडून असं झालं" म्हटलं, तर सगळं वाचतं. रोहिदासला हे पाठ होतं. वर्षातून दोनदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवून तो सांगायचा, "काही विचित्र दिसलं तर मला कळवा." अकरा वर्षांत एकाही माणसानं कळवलं नव्हतं. त्याला दुसरं काही नको होतं. कुणीतरी यावं आणि आपणहून काही सांगावं, एवढंच हवं होतं.

आणि ते का घडत नव्हतं? तर या बाबाचा फळा. दर तीन महिन्यांनी तो स्वतःच सगळ्यांना एक खोटा मेल पाठवून परीक्षा घ्यायचा. जे फसतील त्यांची नावं कँटीनच्या दाराशी फळ्यावर लावायचा, वर ठळक अक्षरांत 'निष्काळजी कर्मचारी'. लोकांना लाज वाटली की लोक शिकतील, असा त्याचा हिशेब. लोक शिकलेच, पण शिकले ते तोंड मिटून बसायला.

एक माणूस मात्र त्याच्याशी बोलायचं. डिस्पॅचमधल्या सुमनताई. पंचावन्नच्या पुढं वय, महाळुंग्याच्या जुन्या घरातल्या. कंपनीचं भंगार जिथं पडतं ती जागा एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं रान, आणि त्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी. मालाच्या गाड्यांची कागदपत्रं त्या बघायच्या. "मराठवाड्याचा हायेस, तुला भाताचं काय कवतिक?" म्हणत कधीमधी त्याच्या ताटात ज्वारीची भाकरी टाकून जायच्या. साहेब म्हणायच्या, पण मधेच एकेरीवर यायच्या. रोहिदासला ते आवडायचं. आवडतं हे मात्र तो कधी म्हणाला नाही.

मग ती खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी यंत्रं धुऊनपुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ. आणि कंपनीकडून प्रत्येकाला काहीतरी भेट. आदल्या वर्षी टॉवेल दिला होता आणि त्यावरून लोक वर्षभर कुरकुरत होते. रोहिदासनं नेमकं हेच हेरलं आणि आठवडाभर आधी मेल सोडला: 'यंदाची खंडेनवमीची भेट तुमच्या पसंतीनं. प्रेशर कुकर की जेवणाचा डबा? खाली दाबून निवडा.' अरे, काय ही बुद्धी! सणाच्या तोंडावर लोकांच्या आशेवर परीक्षा कोण घेतं? दाबलं की पडदा लाल व्हायचा आणि अक्षरं यायची, 'तुम्ही फसलात.' त्रेसष्ट जण फसले. सगळ्यात आधी दाबलं होतं सुमनताईंनी. कुकर.

फळ्यावर त्यांचं नाव पहिलं लागलं. त्यांनी घरी सुनेला सांगूनही ठेवलं होतं, की नवा कुकर येतोय. चार दिवस पोरंटोरं "काय कुकरताई, शिट्टी झाली का?" म्हणून हसत राहिली. त्या रोहिदासच्या टेबलाशी एकदाच येऊन उभ्या राहिल्या. "साहेब, माजी परीक्षाच घ्यायची व्हती तर तोंडावर घ्यायची. चार माणसात माजं नाव कशाला टांगलंत?" तो म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा असतो." त्या दिवसापासून भाकरी बंद झाली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी दहा वाजता कंपनीच बंद पडली. आधी लेबल छापणारी यंत्रं थांबली, मग एकेक पडदा काळा झाला आणि त्यावर इंग्रजीत धमकी उमटली: तुमची सगळी माहिती आम्ही कुलूपबंद केली आहे, किल्ली हवी तर पैसे टाका. लेबलाशिवाय माल गेटबाहेर जाऊ शकत नाही. दुपारपर्यंत ट्रकांची रांग तळेगाव रस्त्याला लागली आणि कंत्राटी कामगारांना हजेरी न लावता गेटवरून परत पाठवलं. डबे घेऊन आलेली माणसं ती, डबे घेऊनच परत गेली.

रोहिदास डगमगला नाही. रोजच्या माहितीची एक वेगळी प्रत तो कुणाचा हात पोचणार नाही अशी ठेवायचा. आधीच्या दिवसाची प्रत चढवली की काम भागणार होतं. पण आधीच्या कुठल्या दिवसाची? चोर आत शिरून काही दिवस दबा धरून बसतो. तो शिरल्यानंतरची प्रत घेतली तर त्या प्रतीत तोही असतोच. आणि फार मागची घ्यावी तर मधल्या दिवसांच्या हजारो भागांच्या तपासणीची नोंद गेली, म्हणजे तेवढा माल भंगारात. नेमका दिवस कळायला हवा होता, आणि आत शिरलेल्यांनी मागच्या खुणा पुसून टाकल्या होत्या. त्यानं अंदाजानं मंगळवारची प्रत चढवली. पाच तास गेले. जरा हायसं वाटतंय तोच पडदे पुन्हा काळे झाले.

आता एकच मार्ग उरला. ज्याच्याकडून ते दार उघडलं गेलं, त्या माणसानं सांगायचं, कधी. शुक्रवारी सकाळी त्यानं सगळ्या विभागांना हॉलमध्ये बोलावलं आणि म्हणाला, "ज्यानं हे केलं त्यानं पुढं यावं. लपवलं तर परिणाम वाईट होतील." सत्तर माणसं आपापल्या बुटांकडं बघत राहिली. मग तो विभागाविभागात हिंडला. हीट ट्रीटमेंट, स्टोअर, क्वालिटी. "आमच्याकडं काही नाही, साहेब." सगळीकडं तेच वाक्य, त्याच आवाजात. शेवटी स्टोअरचा विलास त्याला गेटबाहेर चहाच्या टपरीशी गाठून म्हणाला, "राव, राग मानू नका. तुम्ही विचारताय का धमकावताय, तेच कळत नाही. माहीत असून कोण बोलेल?"

"म्हणजे कुणाला तरी माहीत आहे?"

विलासनं ग्लास खाली ठेवला. "सुमनताई बुधवारपासून रजेवर आहेत. अंगात कणकण म्हणे. जायचं तर जा, पण असे नका जाऊ."

असे नका जाऊ म्हणजे कसे, हे काही रोहिदासला कळलं नाही. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आणि एखाद्याच्या घरी जाऊन काय बोलायचं हे त्याला येत नव्हतं. तरी तो कंपनीच्या भिंतीमागच्या, सुमनताईंच्या गल्लीत शिरला.

सुमनताई पडवीत मेथी निवडत बसल्या होत्या. त्याला बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दारातून सून वर्षाली डोकावली आणि सासूला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "ह्येच व्हय ते कुकरवाले साहेब?" बसा कुणी म्हटलं नाही. तो आपणच खाली फरशीवर बसला. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. समोर मेथीची जुडी होती, ती त्यानं ओढून घेतली आणि पानं खुडायला लागला. लहानपणी आईजवळ बसून खुडायचा तशीच, कोवळे देठ ठेवून.

अर्धी जुडी खुडून झाली. मग त्याच्या तोंडून एकदम गावाकडचं निघालं. "ताई, सकाळपासून हिंडायलोय. कुणीच काही सांगंना गेलंय. माणसं गेटवरून परत चाललीत आणि मला काय करावं सुचंना झालंय." आणि पुढची पानं खुडत, "कुकरचं ते मी वाईट केलं. तुमचं नाव लावायला नको होतं. कुणाचंच नको होतं."

सुमनताईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. इतक्या वर्षांत हा माणूस त्यांनी असा बघितला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी मनगटानं पुसलं.

"म्या सांगितलं तर माजं नाव लागंल?"

"नाही."

"मोठ्या साहेबांनी इचारलं तर? ही नोकरी रानाच्या बदल्यात मिळाल्याली हाय. माज्या हातनं कंपनी बंद पडली असं गावात झालं, तर मला तोंड दाखवाय जागा न्हाई उरायची."

"त्यांनी विचारलं तरी नाही. कुणालाच नाही."

मग त्या बोलल्या. सोमवारी मेल आला होता, वाहतूकवाल्याचा वाटला. गाडीचा नंबर बदललाय, नवा गेटपास जोडलाय. त्यांनी उघडला. पडद्यावर एक चौकट उघडली आणि आपोआप मिटली, आणि मग माउसचा तो बाण त्यांनी हात न लावता इकडंतिकडं फिरायला लागला. "मला वाटलं, आली तुमची परीक्षा. आता पुन्यांदा माजं नाव. बाजूची पोरं म्हनली, गप बसा ताई, कुनाला कळू देऊ नका. म्या वायरच उपटली. अर्ध्या तासानं लावली तर समदं येवस्थित. म्हनलं, सुटले. आन बुधवारी म्हनं स्टोअरातबी बाण फिरला, तवा माजं पानी पानी झालं."

"सोमवारी किती वाजता?"

"जेवणाच्या आधी. बारा वाजाया आले व्हते."

रोहिदास मेथी तिथंच ठेवून उठला. रविवारची प्रत. दारापर्यंत जाऊन तो परत वळला आणि म्हणाला, "बरं झालं सांगितलंत, ताई." एवढं साधं वाक्य त्यानं आयुष्यात किती जणांना म्हटलं असेल कुणास ठाऊक.

शनिवारी सकाळी पहिलं लेबल छापून निघालं आणि डिस्पॅचच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. ट्रक हलले. दहा वाजता रोहिदासला वर बोलावणं आलं. प्लांटचे प्रमुख दिग्विजयसाहेब वयानं त्याच्याहून लहान, बोलायला मऊ.

"गिते, शाब्बास. आता नाव द्या. वर रिपोर्ट पाठवायचाय."

"नाव माहीत आहे, सर. देणार नाही."

"तुम्ही? अहो, तुम्ही तर नावं फळ्यावर लावता!"

"चुकलो ते. माझ्या भीतीनं त्या माणसानं तीन दिवस तोंड उघडलं नाही. लिहायचं तर हेच लिहा."

दिग्विजयसाहेबांनी त्याला सोमवारपर्यंत विचार करायला सांगितलं. सोमवारी त्यानं तेच उत्तर दिलं. कुणाचं तरी नाव वर जाणं भाग होतं, ते रोहिदास गितेचं गेलं. राजीनामा त्यानं आपल्या हातानं टाइप केला. सुरक्षेचं काम बाहेरच्या एका एजन्सीला द्यायचं ठरलं.

आणि गंमत बघा, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. का गेला, हे सांगायचं तर कुणाला वाचवलं हेही सांगावं लागणार. कँटीनमध्ये शेवटच्या दिवशी जो तो म्हणत होता, "कंपनी बुडवली आणि निघाला. बरं झालं, बला टळली." तो भिंतीकडच्या टेबलाशी शेवटचं जेवत होता आणि ऐकत होता. पलीकडच्या टेबलावर सुमनताईंच्या हातातला घास हातातच होता. एकदम त्या ताडकन उभ्या राहिल्या, बोलायला तोंड उघडलं. रोहिदासनं मान हलवली, नको. त्या खाली बसल्या. त्यांना जेवण गेलं नाही. तो मात्र ताटातलं सगळं संपवून उठला. गेटवर सिक्युरिटीनं पिशवी तपासली. एक स्वेटर, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर.

पुढचे तीन आठवडे चऱ्होलीच्या त्या फ्लॅटमध्ये कसे गेले, ते विचारू नका. नोकरीसाठी चार ठिकाणी अर्ज केले. दोन ठिकाणांहून विचारणा झाली, आधीची नोकरी का सोडलीत? त्यावर त्यानं काही सांगितलं नाही, आणि पुन्हा तिकडून कुणी विचारलं नाही. दूधवाल्याशिवाय दारावर कुणी आलं नाही. आईला मात्र त्यानं एका रविवारी आपणहून विचारलं, "तू जेवलीस का?" म्हातारी बावरून म्हणाली, "तुझी तब्येत बरी हाय ना रे?"

मग एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला मोबाइल वाजला.

"साहेब, म्या सुमन. डिस्पॅचमधनं बोलतीया." मागं गाड्यांचा घरघराट होता. "एक मेल आलाय. वरती ब्यांकेचं नाव हाय, पर मला त्यो बरा दिसंना. अजून हात न्हाई लावला. उघडू का नको?"

रोहिदास खाटेवर सावरून बसला. कंपनीचा मेल बाहेरच्या माणसाला ऐकवायचा नाही, हा नियम त्यानंच लिहिलेला. आणि आता बाहेरचा माणूस तोच होता.

"ताई, मी तिथं नाही आता. एजन्सीचा नंबर भिंतीवर लावलाय ना? त्यांना फोन करा."

"लावलाय की. पर त्येंला कोन वळखतंय? तुमाला इचारल्याबिगर उघडायचं न्हाई, असं आमी समद्यांनी ठरवलंय."

"समद्यांनी?"

"व्हय. ही पोरं हिथं बाजूलाच उबी हायती. म्या सांगितलं त्यांला, परवाच्याला. काय झालं व्हतं आन तुमी का गेलात त्ये. माजं नाव माज्या तोंडानं सांगितलं, त्यात तुमची बोली मोडत न्हाई."

त्यानं मोबाइल जरा लांब धरला. तिकडून पोरं गलका करत होती, कुणी "साहेब कसे आहेत विचारा" म्हणत होतं.

"साहेब? हाय का?"

"आहे," रोहिदास म्हणाला. "आहे, ताई. हात लावू नका कशाला. वरपासून वाचून दाखवा, सावकाश, मी ऐकतोय."